२२,८८० भरून गप्प बसू का? वाकडच्या ताईंच्या भाडेवाढीच्या प्रश्नाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी लिहिते, चुकलं असेल तर सांगा. वाकडला टू बीएचके, चार वर्षं त्याच घरात, दरवेळी अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, सध्या भाडं २२,०००, डिपॉझिट ७५,०००. मुदत संपायला पाच आठवडे राहिलेत आणि मालक काका म्हणतायत की पुढच्या ॲग्रीमेंटला ३०,००० द्या नाहीतर घर रिकामं करा, वर सोसायटीने भाडेकरूंचे चार्जेस वाढवले तेही तुम्हीच भरा. मुलगी नववीत, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की महाराष्ट्रात कायद्याने वर्षाला चार टक्क्यांच्या वर भाडं वाढवताच येत नाही, त्यामुळे तुम्ही २२,८८० ट्रान्सफर करा आणि बसून राहा, मालक काही करू शकत नाही.

मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात २१ वर्षं वकिली करतेय, त्यातलं निम्म्याहून जास्त काम घरमालक-भाडेकरू यांचंच, दोन्ही बाजूंनी. त्या अनुभवावरून सांगते, हा सल्ला पाळू नका. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, चार टक्क्यांचा नियमही खरा आहे, पण तो तुमच्यासाठी नाहीये. आणि त्याच्या भरवशावर बसून राहिलात तर आठ हजारांच्या वाढीपेक्षा कितीतरी मोठा खड्डा पडेल.

का ते नीट सांगते, कारण दर महिन्याला दोन-तीन जण हाच गैरसमज घेऊन माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात कलम ११ म्हणतं की मालक भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करू शकतो. पण हे भाडं म्हणजे 'भाडेकरू' देतो ते भाडं, आणि भाडेकरू म्हणजे ज्याला घर कायद्याच्या अर्थाने भाड्याने दिलंय तो. तुमच्या ॲग्रीमेंटचं पहिलं पान काढा, तिथे 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं असणार, मालकाला लायसन्सर आणि तुम्हाला लायसन्सी म्हटलेलं असणार आणि भाड्याऐवजी लायसन्स फी हा शब्द असणार. म्हणजे तुम्हाला घर वापरायची ठरावीक मुदतीची परवानगी दिलीय, बस. बोलताना आपण सगळेच भाडं, भाडेकरू म्हणतो, मीही इथे म्हणतेय, पण कायद्याच्या डोळ्यांनी तुम्ही वेगळ्या रांगेत उभ्या आहात. आणि त्या रांगेसाठी कलम २४ आहे, जे सांगतं की राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की लायसन्सीने ताबा परत द्यायचा, आणि नाही दिला तर जितके दिवस जास्त राहील तितक्या दिवसांची भरपाई लायसन्स फीच्या दुप्पट दराने.

दुप्पट म्हणजे तुमच्या बाबतीत महिना ४४,०००.

'पण आम्ही चार वर्षं राहतोय, आता आम्ही भाडेकरूच झालो की' हा पुढचा प्रश्न असतोच. नाही झालात. दरवेळी नवीन लायसन्स झालं, त्याची बेरीज होऊन भाडेकरूचा हक्क तयार होत नाही. लायसन्सचं लेखी ॲग्रीमेंट हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानायचा असं त्याच कलमात लिहिलंय, त्यामुळे कागद लायसन्सचा आणि तोंडी म्हणणं भाडेकरूचं, हे चालत नाही. आणि बारा वर्षं राहिलं की घर आपलं होतं हे जे गावभर सांगितलं जातं ते तर विसरूनच जा, मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला वर्षं मोजून मालकी मिळत नाही.

मुदतीनंतर बसून राहिलात तर काय होतं तेही सांगते. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करतो, हे नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा वेगळं आणि आटोपशीर प्रकरण असतं. तुम्हाला समन्स आलं की ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते, ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर मालकाचं म्हणणं तुम्ही मान्य केलं असंच धरतात आणि घर खाली करायची ऑर्डर होते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००. असाच कुणाचातरी सल्ला ऐकून मुदत संपल्यावर सात महिने राहिले, दर महिन्याला इमानदारीत १८,००० टाकत होते आणि त्यांना वाटत होतं की पैसे भरतोय म्हणजे आपण सेफ आहोत. दुप्पट दराने सात महिन्यांचे २,५२,००० झाले, त्यांनी भरलेले १,२६,००० वजा करून उरलेले १,२६,००० अंगावर आले, डिपॉझिट त्यात गेलं आणि वर ७६,००० खिशातून. घर सोडावं लागलं ते वेगळंच. त्यांची बायको माझ्या केबिनमध्ये बसून फक्त एवढंच म्हणाली की आम्ही एक महिनासुद्धा भाडं चुकवलं नव्हतं मॅडम. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून एवढं लांबवून लिहितेय.

मग चार टक्के कुणासाठी? नारायण पेठेतल्या एका वाड्यातल्या आजी माझ्या अशील होत्या, सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या भाडेकरू, २००० साली भाडं १२० रुपये. वर्षाला चार टक्के धरले तरी आज ते अडीच-तीनशेच्या घरात जातं. मालकाच्या मुलाने एकदम तीन हजार मागितले, भाडं घेईना, पावती देईना. तिथे कायदा ढालीसारखा उभा राहिला. भाडेकरू प्रमाण भाडं (कायद्याने ठरलेलं मूळ भाडं) आणि कायदेशीर वाढ द्यायला तयार आहे तोवर त्याला काढता येत नाही, थकबाकी झाली तरी आधी लेखी नोटीस आणि ९० दिवस थांबावं लागतं, दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत १५ टक्के व्याजासकट पैसे भरून घर वाचवता येतं, पावती देणं मालकाला सक्तीचं आहे आणि पाणी-वीज तोडणं हा गुन्हा. आजी शेवटपर्यंत त्याच दोन खोल्यांत राहिल्या. पण तुमचं आणि त्यांचं ॲग्रीमेंट एका जातीचं नाही.

हे असं दोन रांगांचं का झालं, हे थोडं मागे जाऊन सांगावंच लागेल, कारण मालक लोक अकरा महिन्यांना एवढे का चिकटून असतात ते त्याशिवाय कळत नाही. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१८ मध्ये भाड्यावर पहिला लगाम आला, मग १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला आणि त्यात भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं. त्या वेळी ते योग्यच होतं, युद्ध, फाळणी, शहरात माणसांचा लोंढा आणि घरं नाहीत. पण मग ते तसंच दशकानुदशकं राहिलं. मालकाला महिन्याला चाळीस रुपये येणार आणि छपराची एक तुळई बदलायची तर हजारो लागणार, म्हणून वाडे आणि चाळी टेकू लावून उभ्या राहिल्या, मुंबईत तर जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला १९६९ मध्ये वेगळं मंडळ काढून सेस लावावा लागला. भाडेवाढ बंद म्हणून सगळा व्यवहार पागडीवर गेला. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय. १९९९ चा कायदा आणि हे चार टक्के त्यानंतर आलेत.

आणि मधे १९७३ साली एक गोष्ट झाली. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरू ठरवून टाकलं. रातोरात. मालकांच्या त्या पिढीने ते कधीच विसरलं नाही, घर कुलूप लावून ठेवू पण देणार नाही असे लोक मी स्वतः पाहिलेत. कलम २४ हे त्या भीतीवरचं औषध होतं, घर द्या, मुदत संपली की परत मिळेल ही हमी. त्यामुळे बंद फ्लॅट बाजारात आले हे खरंच, माझ्यासारख्या बाहेरगावहून आलेल्या मुलीला वकिलीच्या सुरुवातीच्या काळात कर्वेनगरला खोली मिळाली ती त्यामुळेच. पण त्याची किंमत तुम्ही भरताय. दर अकरा महिन्यांनी पोटात गोळा.

माझं मत विचाराल तर १९४० चं भाडं गोठवणं जितकं चूक होतं तितकंच हेही चूक आहे की नववीतल्या मुलीची शाळा एका फोनवर अवलंबून असावी. माझा भाचा म्युनिकला असतो, तिथे ॲग्रीमेंटला बहुतेक वेळा शेवटची तारीखच नसते आणि राहत्या भाडेकरूचं भाडं त्या शहरात तीन वर्षांत १५ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, नवीन माणसाला देताना भाडं वेगळं ठरतं पण राहणाऱ्याला उद्याचा अंदाज असतो. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये नमुना भाडेकरू कायदा आणला, त्यात राहत्या घराला डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं असावं असं म्हटलंय, पण भाड्याच्या रकमेवर मर्यादा त्यातही नाही, आणि तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. तुमच्या ॲग्रीमेंटला १९९९ चाच कायदा लागतो. तेव्हा तुम्हाला जो अंदाज कायदा देत नाही तो ॲग्रीमेंटमधून मिळवावा लागेल, आणि तो मिळतो, लोक मागत नाहीत म्हणून मिळत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: रिन्यूअलला मालक किती मागू शकतो यावर तुमच्या बाबतीत कायदेशीर मर्यादा नाही. चालू मुदतीत मात्र ॲग्रीमेंटमध्ये लिहिलंय त्याच्या एक रुपया वर तो घेऊ शकत नाही. मुदतीनंतर कराराशिवाय राहणं महाग पडतं. पण मुदत संपली म्हणून मालकाने स्वतः कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, लाईट-पाणी बंद करणं हेही चालत नाही, ताबा हवा तर त्याने प्राधिकाऱ्याकडेच जायचं. तसं कुणी केलं तर लगेच पोलीस चौकीत लेखी तक्रार द्या आणि वकील गाठा.

आता पैशांकडे येऊ, कारण तुमची खरी लढाई तिथे आहे.

३०,००० हा आकडा ऐकून राग येणं साहजिक आहे, ३६ टक्के वाढ आहे ती. पण आधी एक काम करा, तुमच्याच सोसायटीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत गेल्या दोन-तीन महिन्यांत टू बीएचके प्रत्यक्षात कितीला गेलेत ते काढा. वेबसाइटवर मालकाने टाकलेला आकडा नको, तो मागणीचा आकडा असतो, झालेल्या ॲग्रीमेंटचा हवा. वॉचमनला माहीत असतं, सोसायटीच्या ऑफिसात माहीत असतं, आणि नवीन राहायला आलेल्या शेजारणीला थेट विचारलं तर ती सांगते. समजा २७,००० निघाला. बाकी हिशोब यावर अवलंबून आहे, म्हणून तुमचा आकडा वेगळा आला तर खालचं गणित परत करा.

घर बदलायचं झालं तर तुमचा खर्च: ब्रोकरला एक महिन्याचं भाडं २७,०००, टेम्पो आणि माणसं १२ ते १५ हजार, एसी काढून बसवणं, इंटरनेट, गॅस, पडदे, नवीन ॲग्रीमेंट, असं करत ५० ते ५५ हजार सहज जातात. अकरा महिन्यांत वाटले तर महिन्याला जवळजवळ पाच हजार. म्हणजे २७ चं दुसरं घर पहिल्या वर्षी तुम्हाला ३२ ला पडतं. हे मालकाला सांगायचं नाही, पण तुम्हाला माहीत असावं, नाहीतर रागाच्या भरात दोन हजारांसाठी घर सोडलं जातं. त्यात सासूबाईंचं ऑपरेशन आणि शाळेची बस याला मी रुपयांत धरलेलंच नाही. दुसरीकडे, तुम्ही तिथे अजून तीन-चार वर्षं राहणार असाल तर हाच खर्च चार वर्षांत वाटला जातो आणि मग घर बदलणं परवडतं. तुमचा पुढचा विचार काय आहे ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, त्यामुळे यातलं कुठलं लागू ते तुम्हीच ठरवा.

आता मालकाचा हिशोब. तुम्ही गेलात तर घर निदान एक महिना रिकामं राहतं, त्या महिन्याचा मेंटेनन्स त्यांच्या खिशातून जातो. चार वर्षांनी रंग काढावाच लागतो, टू बीएचकेला साधा रंग धरला तरी २० हजार. पुण्यात ब्रोकर बरेचदा मालकाकडूनही घेतो. म्हणजे नवीन माणूस ३०,००० ला मिळाला तरी अकरापैकी दहा महिन्यांचे ३,००,०००, त्यातून रंग २०,००० आणि ब्रोकरेज ३०,००० गेले की हातात २,५०,०००. तुम्ही २५,००० ला राहिलात तर अकरा महिन्यांचे २,७५,०००, कसलीही कटकट नाही, आणि चार वर्षं वेळेवर भाडं देणारं ओळखीचं कुटुंब. हा हिशोब कागदावर मांडून समोर ठेवला की माझ्या अनुभवात दहातले सहा-सात मालक खाली येतात. उरलेल्यांना तो आकडाच हवा असतो किंवा मुलासाठी घर हवं असतं आणि भाडेवाढ हा फक्त बहाणा असतो, तिथे कितीही मांडा, उपयोग नाही, आणि ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

म्हणून माझ्या मते तुमचा सौदा २५ ते २७ च्या मधे कुठेतरी आहे. पण फक्त आकड्यावर भांडू नका. आकडा थोडा वर गेला तरी चालेल, त्या बदल्यात मुदत मागा.

हे मी सगळ्यांना सांगते आणि फार थोडे लोक ऐकतात: अकरा महिन्यांची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. लोकांना वाटतं की वर्षाच्या आत केलं तर रजिस्ट्रेशन लागत नाही, पण महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे लायसन्सचं ॲग्रीमेंट कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि रजिस्टरच करावं लागतं. ती जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मग अकराच का? सवय, आणि ती १९७३ ची भीती. लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतं. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का असते. २७,००० सरासरी धरून ३६ महिन्यांचं केलं तर ड्युटी साधारण अडीच हजार आणि शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००, एकदाच. अकरा-अकराचं तीनदा केलं तर ड्युटी थोडी कमी पण रजिस्ट्रेशन तीनदा आणि एजंटही तीनदा. म्हणजे लांब मुदतीचंच स्वस्त पडतं, आणि अंगठे घ्यायला एजंट घरी येतो, आधार नंबर हाताशी ठेवले की अर्ध्या तासाचं काम.

तर मागायचं हे की ३६ महिन्यांचं ॲग्रीमेंट, पहिल्या वर्षी २५,५०० किंवा जे ठरेल ते, आणि दर बारा महिन्यांनी पाच टक्के वाढ, आकड्यात लिहून, 'परस्पर संमतीने वाढ' असं मोघम नको. मुलगी बारावी होईपर्यंतचा बराचसा काळ यात बसतो. मालकाला भीती वाटेल की तीन वर्षं अडकलो, तेव्हा त्यांना कलम २४ तुम्हीच समजावून सांगा, मुदतीनंतर त्यांचा ताबा तितकाच सुरक्षित आहे जितका अकरा महिन्यांत होता. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात ॲग्रीमेंट मधेच मोडता येत नाही तो काळ, मालकासाठी जास्त आणि तुमच्यासाठी सहा महिने असं मिळालं तर उत्तम, पण बहुतेक मालक एकतर्फी मानत नाहीत, दोघांना बारा महिने आणि नंतर दोन महिन्यांची नोटीस यावर जुळतं. तसं झालं तर बारा महिन्यांनंतर ते नोटीस देऊ शकतात हे लक्षात ठेवा, म्हणजे पूर्ण तीन वर्षांची हमी नाही, पण भाड्याचा आकडा मात्र बांधलेला राहतो आणि तेही थोडं नाही. नुसतं वाढीव भाडं हवं म्हणून नोटीस देणार नाही असं एक वाक्य घालून घेता आलं तर बघा, मी दोन-तीन ॲग्रीमेंटमध्ये घातलंय, मालकांनी सह्या केल्यात.

डिपॉझिटचं कलमही याच वेळी नीट करून घ्या. किल्ली दिल्याच्या दिवशी परत, आणि काय कापायचं ते नावानिशी. रंगाचे पैसे हा सगळ्यात मोठा वाद असतो. नेहमीच्या वापराने भिंती जुन्या होतात त्याचे पैसे तुमच्याकडून घेणं बरोबर नाही, पण ॲग्रीमेंटमध्ये 'पेंटिंग चार्जेस लायसन्सी देईल' असं छापील वाक्य असतं आणि आपण न वाचता अंगठा देतो. आत्ताच सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲप करून ठेवा, तारखेसकट पुरावा राहतो. आणि सोडायची वेळ आलीच तर शेवटचे दोन-तीन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करून घ्या असं लोक सांगतात, ते मालकाची लेखी हो असल्याशिवाय करू नका, थकबाकीदार तुम्ही ठरता.

सोसायटीच्या चार्जेसबद्दल. तुमची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट असोसिएशन ते आधी बघा, पावतीवर लिहिलेलं असतं, पुण्यात दोन्ही प्रकार सर्रास आहेत. सहकारी संस्था असेल तर घर भाड्याने दिल्याबद्दलचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे आणि हायकोर्टाने तो कायम ठेवलाय. सेवा शुल्क ३,५०० असेल तर हा चार्ज ३५० होतो. शिवाय हे देणं सभासदाचं, म्हणजे मालकाचं आहे, ॲग्रीमेंटमध्ये तुमच्यावर टाकलेलं नसेल तर तुम्ही ते देणं लागत नाही. अपार्टमेंट असोसिएशन असेल तर तो आदेश तसाच लागू होत नाही, त्यांचं डीड (घोषणापत्राचा दस्त) आणि उपविधी (असोसिएशनचे नियम) बघावे लागतात. काकांकडे सोसायटीच्या बिलाची प्रत मागा, भांडण म्हणून नाही, अनेक मालकांनाच हा नियम माहीत नसतो आणि ते स्वतः जास्त भरत असतात. बिलात जास्त लावलेलं निघालं तर त्यांचेच पैसे वाचतात आणि तुमच्या बोलण्याला वजन येतं.

पाच आठवडे आहेत, ते पुरेसे आहेत पण वाया घालवू नका. पहिला आठवडा भाव काढण्यात, मग भेटून बोलणं, फोनवर नको, शक्य तर साहेब आणि तुम्ही दोघं जा. त्याच वेळी दोन-तीन घरं खरंच बघून ठेवा, कारण पर्याय हातात असला की माणसाचा आवाज बदलतो. तीन आठवडे उरले आणि काही ठरलं नाही तर घर बदलायच्या तयारीला लागा. आणि सासूबाईंमुळे फक्त महिना-दीड महिना जास्त हवा असेल तर तेवढ्याच मुदतीचं छोटं ॲग्रीमेंट करून रजिस्टर करा, तोंडी 'राहा हो' वर राहू नका, काका कितीही चांगले असले तरी.

भेटायला जायच्या आधी हा मेसेज पाठवा, आकडे तुमचे घाला:

'नमस्कार काका. रिन्यूअलबद्दल आपलं बोलणं झालं त्यावर घरी विचार केला. आम्हाला इथेच राहायचं आहे. चार वर्षांत भाडं एकदाही उशिरा झालेलं नाही आणि घर आम्ही आपलं म्हणून सांभाळलं आहे. सोसायटीत गेल्या दोन महिन्यांत झालेली ॲग्रीमेंट्स २६ ते २७ हजारांची आहेत, फ्लॅट नंबर भेटल्यावर सांगते. आमचा प्रस्ताव असा की तीन वर्षांचं ॲग्रीमेंट करू, पहिल्या वर्षी २५,५००, नंतर दरवर्षी पाच टक्के वाढ, रजिस्ट्रेशनचा खर्च निम्मा-निम्मा. सोसायटीच्या नवीन चार्जेसचं बिल पाठवाल का, त्यातली एक गोष्ट तुमच्याही फायद्याची आहे. रविवारी सकाळी ११ वाजता आम्ही दोघं घरी येऊ का? काकूंना नमस्कार.'

त्यांचं उत्तर काय येतं ते इथे लिहा, आणि ॲग्रीमेंटमधली मुदत, नोटीस आणि डिपॉझिटची कलमं टाईप करून टाकलीत तर वाचून सांगते, नाव-पत्ता मात्र खोडून टाका.